विसार झाला, खरेदी कधी होणार?

गळीत हंगाम उतरणीला लागला आणि बिलाचे हप्ते खात्यावर पडू लागले, की आपल्या कार्यक्षेत्रात दोन प्रकारच्या बैठका वाढतात. एक लग्नाच्या आणि दुसऱ्या घर-जागेच्या. कुणाला पोरांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावी घर घ्यायचं असतं. कुणाला मळ्यात बांधायचं म्हणून गावातलं जुनं घर काढायचं असतं. किंमत ठरते, चहा होतो, विसार पावतीवर दोन सह्या पडतात आणि घेणारा उठता उठता म्हणतो, "पाव्हणं, म्हैन्याभरात उरकून टाकू." देणाराही मान हलवतो. त्या एका वाक्याच्या भरवशावर तो मळ्यातल्या बांधकामाला गवंडी सांगतो, नाहीतर दुसरीकडे स्वतःच विसार देऊन बसतो. मग महिना जातो, दुसरा जातो, आणि दोन्ही घरांत कुरबुर सुरू होते. त्यानं आपल्याला फसवलं, असं दोघांनाही वाटू लागतं. बहुतेक वेळा फसवलेलं कुणी नसतं. कागदाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागत असतो, आणि तो आधी मोजलेला नसतो.

तर वेळ किती लागतो? अनुभवाचा हिशेब असा आहे. घर विकणाऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे, कर्ज-बोजा नाही आणि घेणाऱ्याचे पैसे बँकेत तयार आहेत, तर विसारापासून तीन आठवड्यांत खरेदीखत होऊ शकतं. घेणारा कर्ज काढणार असेल तर दीड ते दोन महिने धरावेत. घर अजून आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर तीन-चार महिने. आणि भावा-बहिणींत एकमत नसेल तर तारीख लिहूच नये. या सगळ्यात दुय्यम निबंधकांच्या कचेरीतलं, म्हणजे आपण ज्याला रजिस्टर कचेरी म्हणतो तिथलं काम एका दिवसाचं असतं. बाकीचे दिवस उतारे, दाखले आणि सह्या गोळा करण्यात जातात. हे काम विसाराच्या आधीही करता येतं, पण करत कुणी नाही. गिऱ्हाईक मिळाल्यावरच लोखंडी पेटी उघडली जाते.

विसारानं काय होतं, काय होत नाही

विसार दिला म्हणजे घर आपलं झालं, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे, की विक्रीच्या नुसत्या करारानं मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपये किंवा त्यापेक्षा जास्त किमतीच्या घराची मालकी नोंदणी झालेल्या खरेदीखतानंच जाते. तोपर्यंत घर देणाऱ्याचं. पावसाळ्यात भिंत ढासळली तरी नुकसान त्याचंच.

पण म्हणून विसार पावती म्हणजे नुसता चिटोरा, असंही समजू नये. घेणारा पैसे घेऊन तयार असेल आणि देणारा मागं फिरला, तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याखाली कोर्टात जाऊन ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून मागता येतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर ही मागणी पूर्वीपेक्षा जास्त पक्की झाली आहे. दावा लावायला मुदतही मोठी आहे. करारात ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं. मात्र आपण पहिल्यापासून पैसे द्यायला तयार होतो, हे घेणाऱ्याला दाखवावं लागतं.

इथंच आपल्याकडे घोटाळा होतो. पावतीत तीन महिन्यांची मुदत लिहिलेली असते. ती उलटली की देणारा म्हणतो, "मुदत गेली, सौदा मोडला," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून विसार घेतो. घर-जमिनीच्या व्यवहारात निव्वळ तारीख उलटली म्हणून करार आपोआप संपला, असं न्यायालयं सहसा धरत नाहीत. मुदत हाच कराराचा गाभा होता, हे करारातून किंवा परिस्थितीतून दिसावं लागतं. तेव्हा मुदत उलटली तर आधी वकिलामार्फत लेखी नोटीस द्यावी, किती दिवसांत व्यवहार पुरा करायचा ते त्यात लिहावं आणि मगच पुढचं पाऊल टाकावं. एका घरावर दोन विसार घेतलेला माणूस पुढं किती वर्षं तारखांना हेलपाटे घालतो, हे तालुका कोर्टाच्या आवारात कधीही पाहायला मिळेल.

तारीख लिहिताना बिलावर भिस्त ठेवू नका

आपला सभासद विसार पावतीवर तारीख घालतो ती उसाच्या बिलाच्या अंदाजानं. ऊस गाळपाला आल्यापासून १४ दिवसांत दर द्यावा, अशी तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. परंतु हे १४ दिवस ऊस वजनकाट्यावर आल्यापासूनचे, आपल्या मनात तोड धरली त्या दिवसापासूनचे नव्हेत. टोळी पुढं-मागं होते, पाऊस रेंगाळतो, वाहन मिळत नाही, आणि डिसेंबरात धरलेली तोड फेब्रुवारीत जाते. दुसरं असं, की बिलातून सोसायटीची पीककर्जाची वसुली आधी होते. टनाला दर गुणून जो आकडा आपण मनात धरलेला असतो, तो हातात पडत नाही. म्हणून भरण्याची तारीख धरायची ती तोडणीच्या उशिरातल्या उशिराच्या तारखेनंतरची धरावी, आणि रक्कम वसुली वजा जाता उरते तेवढीच धरावी. देणाऱ्यानंही विचारायला संकोचू नये : "आण्णा, ऊस कुठल्या महिन्यातली लागण हाय? सोसायटीचं किती द्यायचं हाय?" असा प्रश्न त्या वेळी जरा आगाऊ वाटतो खरा, पण पुढची तीन महिन्यांची धुसफूस वाचते.

घर कुणाच्या नावावर आहे?

सगळ्यात जास्त दिवस खाणारा प्रश्न हाच. गावठाणातल्या जुन्या घराला सात-बारा नसतो. घरमालक दाखवतो तो ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीचा आहे. मालकीचा पुरावा म्हणून तो एकटा पुरत नाही. वकील आणि बँक मागतात ती मिळकत पत्रिका, जिला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. जिथं नगर भूमापन झालं आहे, तिथं ती पूर्वीपासून आहे. खेड्यांतल्या गावठाणांची ड्रोननं मोजणी करून अशा पत्रिका देण्याची केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. आपल्या गावची मोजणी होऊन पत्रिका तयार झाली आहे का, आणि तिच्यावर नाव व क्षेत्र बरोबर पडलं आहे का, हे भूमी अभिलेख कार्यालयात आजच पाहून ठेवावं. क्षेत्र चुकलेलं असलं तर दुरुस्तीला वेळ लागतो, आणि तो नेमका विसारानंतर लागला तर घेणाऱ्याच्या मनात नको ती शंका येते.

मयत माणसाच्या नावावर घर असेल तर आधी वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, अर्ज, नोटीस, मग नोंद मंजूर. सगळं सुरळीत गेलं तरी महिना-सव्वा महिना जातो. आजोबांच्या नंतर वडिलांचीही नोंद राहिलेली असेल, तर दोन पिढ्यांचे दाखले जमवावे लागतात. वारसांची यादी देताना कुणाचं नाव गाळणं हा शहाणपणा नव्हे. पुढं खरेदीच अडचणीत येते.

आणि नाव गाळलं जातं ते बहुधा बहिणीचं. याबद्दल स्पष्ट लिहिलं पाहिजे. वडिलांनी स्वतः कमावून बांधलेलं घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले, तर मुलींना मुलांइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ साली दुरुस्ती करून मुलींना जन्मानं हक्क दिला, पण तेव्हाच्या अविवाहित मुलींपुरता. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीनं तो सगळ्या मुलींना मिळाला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असले-नसले तरी मुलीचा हक्क जन्मानंच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितलं. म्हणजे "ताईचं लगीन चाळीस वर्षांमागं झालंय, तिचा काय संबंध?" हे बोलणं आता चालत नाही.

बहिणीची सही दोन तऱ्हांनी मिळते. ती खरेदीखतात स्वतः लिहून देणार म्हणून उभी राहते, किंवा आधी हक्कसोडपत्र करून देते. हक्कसोडपत्रही नोंदणी केलेलंच लागतं. साध्या कागदावरची संमती इथं उपयोगाची नाही. आपल्याकडे रीत अशी पडली आहे, की सगळा सौदा ठरतो, विसार येतो, आणि खरेदीच्या आदल्या दिवशी सांजच्याला बहिणीला फोन जातो : "उद्या जरा कचेरीत येऊन जा, सही हाय." तिनं नाही म्हटलं, की भाऊ म्हणतो बहिणीनं आडवं लावलं. वास्तविक किंमत ठरवायच्या बैठकीलाच तिला बोलवावं आणि तिच्या वाट्याचं काय ते तिथंच ठरवावं. पुष्कळ बहिणी काही न घेता सही देतात, पण विचारलं तर देतात. लेखकाच्या मते सौद्याला लागणाऱ्या उशिराचं हे आपल्या भागातलं पहिलं कारण आहे, आणि ते कुठल्याही सरकारी कचेरीच्या माथी मारता येत नाही.

वारसांत अज्ञान मूल असेल आणि त्याच्या स्वतःच्या वाट्याचा हिस्सा विकायचा असेल, तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते. यात महिने जातात. एखादा भाऊ परदेशी असेल तर त्यानं तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवावं. ते इथं आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र गाडीत घालून नेण्याची गरज नाही. कारण देऊन अर्ज केला तर निबंधक घरी येऊन सही-अंगठा घेऊ शकतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात तशी सोय आहे.

बोजा आणि शोध

घर गट नंबरातल्या जागेवर असेल, तर सात-बाराच्या इतर हक्कात पाहावं. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तो कमी करून घ्यावा लागतो. कर्ज फेडलं म्हणजे बोजा गेला, असं होत नाही. सोसायटीचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे देऊन वेगळी फेरफार नोंद करून घ्यावी लागते. दहा वर्षांपूर्वी फिटलेलं कर्ज उताऱ्यावर अजून तसंच आहे, असे उतारे आपल्यातल्या कितीतरी सभासदांच्या घरी निघतील. त्याच वेळी जमीन भोगवटादार वर्ग दोनची तर नाही ना, हेही पाहावं. तशी असेल तर विक्रीला आधी सक्षम अधिकाऱ्यांची परवानगी हवी. एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यावर बांधलेलं घर असेल, तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचं काय, हे वकिलाला विचारल्याशिवाय विसार देऊ नये.

घेणाऱ्याच्या बाजूनं वकील साधारण ३० वर्षांचा शोध घेतो. मिळकत कुणी कुणाला कधी विकली, गहाण ठेवली, हे सूची क्रमांक २ वरून कळतं. सोबत वर्तमानपत्रात सात किंवा पंधरा दिवसांची जाहीर नोटीस देतात. ही नोटीस निघाली, की काही विकणाऱ्यांना अपमान वाटतो. "माझ्यावर इश्वास न्हाई व्हय?" त्यात अपमानाचं काही नाही. उद्या हरकत यायची ती आज आलेली बरी. शोध आणि नोटीस मिळून दोन-तीन आठवडे. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँक याच कागदांवर आपल्या वकिलाकडून पुन्हा तपासणी करते, मूल्यांकन करते, मग मंजुरी. एकदा का एखादा उतारा कमी पडला, की फाईल तेवढे दिवस जागच्या जागी राहते.

मध्ये साठेखत करावं का?

मुदत दोन-तीन महिन्यांहून जास्त असेल तर करावं, आणि ते नोंदणी करून करावं. नोटरीपुढं सही केलेल्या साठेखतानं किंवा मुखत्यारपत्रानं मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०११ रोजी हे स्वच्छ सांगितलं आहे. ताब्यासह साठेखत केलं तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. पुढं खरेदीखताच्या वेळी ते वजा मिळतं. आणि ताबा घेतलेल्या माणसाला आपल्या ताब्याचं संरक्षण मागायचं असेल, तर २००१ च्या दुरुस्तीपासून करार नोंदणीकृतच असावा लागतो. "किल्ली घ्या, राहा, कागद मागनं करू" हा व्यवहार दोघांनाही जाच करतो.

पैशांबद्दल दोन गोष्टी. घर-जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेण्याला १ जून २०१५ पासून मनाई आहे, आणि विसारही त्यात येतो. घेणाऱ्यानं दिली तरी दंड बसतो तो रोख स्वीकारणाऱ्याला, आणि तो तेवढ्याच रकमेपर्यंत जाऊ शकतो. घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्यानं १ टक्का आयकर कापून भरायचा असतो; ही तरतूद २०१३ पासूनची आहे. दुसरी गोष्ट विकणाऱ्यासाठी. पुढच्या तारखेचा चेक घेऊन खरेदीखतावर सही करू नये. खरेदीखत नोंदलं आणि चेक वटला नाही, तर तेवढ्यानं खरेदी रद्द होत नाही. घर गेलेलं असतं, पैशासाठी दावा लावावा लागतो. रक्कम खात्यावर जमा झाल्याचं पाहावं, नाहीतर डिमांड ड्राफ्ट हातात घ्यावा, मग पेन उघडावं.

कचेरीतला दिवस

दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरतात, मुद्रांक शुल्क व नोंदणी फी ई-चलनानं भरतात. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी दरतक्त्याची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. राहतं घर फक्त महिलेच्या नावानं घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून शुल्कात १ टक्का सवलत आहे. घरच्या लक्ष्मीचं नाव लावायला हे एक कारण पुरेसं असावं. नवे दर लागू झाले तर ते बहुधा १ एप्रिलला होतात, त्यामुळं मार्च अखेरीस कचेरीत पाय ठेवायला जागा नसते. आपल्या सभासदांचे पैसेही त्याच सुमारास मोकळे होतात. जमलं तर मार्चचा शेवटचा आठवडा टाळावा किंवा त्याच्या पुष्कळ आधी वेळ घेऊन ठेवावी.

सगळे लिहून देणारे-घेणारे, ओळख पटवणारे दोन साक्षीदार, प्रत्येकाचं आधार आणि पॅन. फोटो निघतात, अंगठे उमटतात, आणि बहुधा त्याच दिवशी दस्त परत मिळतो. सही केलेला दस्त नोंदणीसाठी चार महिन्यांच्या आत हजर करायचा असतो. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून मिळू शकतात; हा दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत आहे. पण सही आणि नोंदणी एकाच दिवशी करावी हे उत्तम.

शहरातला फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एवढंच, की गृहनिर्माण संस्थेला हस्तांतराची सूचना आधी द्यावी लागते, विकणाऱ्याची थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा लागतो, आणि समितीची सभा कधी आहे ते विचारून घ्यावं.

खरेदीखत हातात आलं तरी उताऱ्यावर नाव यायचं राहतं. नोंदणीची वर्दी आता संगणकावरून महसूल खात्याकडे जाते. तलाठी, ज्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, ते फेरफार धरतात, हितसंबंधितांना नोटीस काढतात, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत नसेल तर महिनाभर. मिळकत पत्रिकेवरची नोंद भूमी अभिलेख कार्यालयाकडून होते. तिथंही साधारण तेवढेच दिवस धरावेत. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या घरपट्टीला नाव लावण्यासाठी सूची क्रमांक २ ची प्रत जोडून वेगळा अर्ज करावा. पाण्याचं कनेक्शन आणि विजेचं मीटर यांचे अर्ज निराळे; त्यांवर विकणाऱ्याची संमतीची सही खरेदीच्या दिवशीच कचेरीत घेऊन ठेवावी, कारण नंतर तो मळ्यात राहायला गेलेला असतो आणि तिकडच्या फेऱ्या आपल्याला पडतात.